काटा शंभरावर, सरासरी पंचेचाळीसवर

मुंबईहून मोटारीने पुण्याला आलेल्या माणसाला गाडी किती वेगाने आणली असे विचारले, तर उत्तर बहुधा शंभरच्या घरातले येते. एक्स्प्रेस वेवर काटा शंभराच्या खाली आलाच नाही, असे सांगितले जाते. त्याच माणसाला घरून निघून मुक्कामी पोहोचायला किती वेळ लागला असे विचारले, की उत्तर येते सव्वातीन-साडेतीन तास. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण पंचेचाळीस किलोमीटर. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. आपण मात्र पहिल्या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावत राहतो आणि उशीर झाला की पाय ॲक्सिलरेटरवर जातो. या लेखाचे म्हणणे असे आहे की प्रवासाला लागणारा वेळ मुख्यतः सर्वांत संथ टप्प्यांवर, थांब्यांवर आणि वळशांवर ठरतो. काट्याने गाठलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याचा त्यात वाटा फार लहान असतो. प्रवासातला धोका मात्र नेमका त्याच आकड्याबरोबर झपाट्याने वाढतो. शाळेच्या विज्ञानात शिकलेल्या सरासरी चाल, वेग आणि त्वरण या तीन राशी नीट वापरल्या, तर हे कोणालाही वहीच्या एका पानावर पडताळून पाहता येते.

आधी या राशी एकमेकींपासून वेगळ्या करू. कापलेल्या एकूण अंतराला लागलेल्या एकूण वेळाने भागले की सरासरी चाल मिळते. या वेळात सिग्नलवर उभे राहिल्याचा, टोलनाक्यावर रखडल्याचा आणि चहासाठी थांबल्याचा वेळही धरायचा असतो. गाडीचा काटा दाखवतो ती त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक चाल. वेग म्हणजे दिशेसह सांगितलेली चाल. सरासरी वेग काढताना रस्त्याची लांबी मोजायची नसते, तर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सरळ रेषेतले विस्थापन मोजायचे असते. आणि हा वेग ज्या दराने बदलतो, ते त्वरण. सरासरी आणि तात्कालिक यांतला फरक आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची दिवसभराची स्थूल गती आणि एका क्षणाची तात्कालिक गती वेगवेगळ्या मानल्या आहेत. चंद्राची गती मोठी आणि सतत बदलणारी, म्हणून तिथीच्या अखेरीसारखी नेमकी वेळ काढताना त्याची तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांनी सांगितले. भास्कराचार्यांच्या या विवेकात आपल्यासाठी एक साधा धडा आहे: प्रश्न पाहून राशी निवडावी. ‘किती वाजता पोहोचू?’ या प्रश्नाला सरासरी चाल लागते, ‘आत्ता ब्रेक लावला तर गाडी कुठे थांबेल?’ या प्रश्नाला तात्कालिक चाल लागते, आणि दोन्हींची अदलाबदल केली की उत्तर चुकते.

आता मुंबई-पुण्याच्या प्रवासाचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेऊ. दादरहून निघून स्वारगेटला पोहोचायचे आहे. दोन्ही शहरांच्या आतला आणि वेशीवरचा रस्ता मिळून ५५ किलोमीटर, तिथे सरासरी चाल ताशी २५ किलोमीटर. द्रुतगती मार्ग ९५ किलोमीटरचा, त्यातले १५ किलोमीटर घाटाचे धरू आणि तिथली चाल ५० धरू. उरलेल्या ८० किलोमीटर सपाटीवर गाडी वेगमर्यादेइतकी, म्हणजे १०० ने जाते. शहरातल्या भागाला १३२ मिनिटे लागतील, घाटाला १८ आणि सपाटीला ४८. बेरीज १९८ मिनिटे, म्हणजे तीन तास अठरा मिनिटे, आणि सरासरी चाल ४५.५. आता चालकाने मर्यादा मोडून सपाटीवर सबंध वेळ १२० ची चाल राखली असे समजा. सपाटीला ४८ ऐवजी ४० मिनिटे लागतील. सबंध प्रवासात आठ मिनिटे वाचली आणि सरासरी ४५.५ वरून ४७.४ वर गेली. दुसरीकडे, सपाटीवर शंभरच ठेवून केवळ शहरातली चाल २५ वरून ३० झाली असे समजा. शहराला १३२ ऐवजी ११० मिनिटे लागतील, म्हणजे २२ मिनिटे वाचली. दोन्ही ठिकाणी वाढ वीस टक्क्यांचीच आहे. शहरात ती झाली तर बावीस मिनिटे मिळतात, आणि महामार्गावर कायदा मोडून, इंधन जाळून, जीव धोक्यात घालून केली तर आठ. टोलनाक्यावर पाच मिनिटे खोळंबा झाला, की १०० ऐवजी १२० ने कापलेल्या पन्नास किलोमीटरांची सारी कमाई तिथेच संपते.

असे का होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. सरासरी चाल ही वेगवेगळ्या चालींची साधी सरासरी नसते. १००, ५० आणि २५ यांची बेरीज करून तिनाने भागले तर ५८ येतात, पण खरा आकडा ४५.५ आहे. कारण ज्या टप्प्यात गाडी संथ चालते तिथे ती जास्त वेळ असते, आणि सरासरीत प्रत्येक चालीला वजन मिळते ते तिच्यात घालवलेल्या वेळाचे. जाताना ६० आणि त्याच रस्त्याने येताना ४० अशी चाल असेल, तर एकूण सरासरी ५० नसून ४८ येते. याचेच टोकाचे रूप असे: प्रवासाच्या पहिल्या अर्ध्या अंतरात सरासरी ३० पडली आणि सगळ्या प्रवासाची सरासरी ६० करायची आहे, तर उरलेले अर्धे अंतर कोणत्या चालीने कापावे? नव्वद हे उत्तर पटकन सुचते, पण ते चूक आहे. समजा अंतर ६० किलोमीटर आहे. सरासरी ६० साधायची तर सगळ्या प्रवासाला एकच तास हातात होता, आणि तो पहिल्या ३० किलोमीटरांतच खर्च झाला. आता विमानही उपयोगाचे नाही. संथ टप्प्यात गमावलेला वेळ पुढे जोरात हाकून भरून काढता येतो, ही समजूत इथे पूर्ण कोसळते. दहा किलोमीटर अंतर २० ऐवजी ४० ने कापले तर पंधरा मिनिटे वाचतात, ८० ऐवजी १०० ने कापले तर दीड मिनिट, आणि १०० ऐवजी १२० ने कापले तर एकच मिनिट. काट्यावरची वाढ प्रत्येक वेळी वीसचीच आहे, पण फळ आटत जाते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांत दिसले की माणसे आधीच जास्त असलेली चाल वाढवून मिळणारा वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात आणि कमी चाल सुधारून मिळणारा वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. म्हणजे ही चूक बेफिकीर चालकांपुरती नाही. आपल्या सर्वांच्या अंदाजातच ती मुरलेली आहे, आणि म्हणून कागदावरचा हिशेब गरजेचा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सरासरी बरेच काही झाकते. एखाद्याने घाटात बेफाम गाडी हाकली आणि पुढे ढाब्यावर अर्धा तास बसला, तर त्याची सरासरी सभ्यच दिसेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच सरासरी कोणत्या टप्प्यावर काढायची याला महत्त्व आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत एका ठिकाणची चाल टिपणारे कॅमेरे आहेत, तसेच दोन ठिकाणांमधली सरासरी चाल काढणारेही आहेत. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधले अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा १०० असेल, तर हे अंतर कापायला निदान सहा मिनिटे लागायलाच हवीत. गाडी पाच मिनिटांत दुसऱ्या कमानीखाली आली तर तिची सरासरी १२० झाली, आणि मधल्या कोणत्या तरी क्षणी काटा १२० वर होताच, हे गणिताच्या प्रमेयाने सिद्ध होते. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि तो मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही युक्ती इथे चालत नाही. मात्र उलट विधान खरे नाही. सरासरी मर्यादेत आहे, एवढ्यावरून मर्यादा कधीच ओलांडली नाही असे म्हणता येत नाही. म्हणून दोन्ही प्रकारचे कॅमेरे लागतात. सरासरी टप्प्याबद्दल बोलते, तात्कालिक चाल क्षणाबद्दल, आणि एकीची साक्ष दुसरीच्या जागी चालत नाही.

आता दिशेकडे वळू. चाल कितीही चांगली असली, तरी ती मुक्कामाच्या दिशेने किती कामी आली हे विस्थापनावरून कळते. गेटवे ऑफ इंडिया आणि मांडवा यांच्यात सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर अंतर आहे. लाँच तासाभरात पोहोचवते, म्हणजे तिचा मांडव्याच्या दिशेने सरासरी वेग ताशी साधारण १४ किलोमीटर. हाच प्रवास पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा खाडीला वळसा घालून रस्त्याने केला तर शंभर किलोमीटरहून जास्त पडतो आणि तीन तास सहज जातात. मोटारीची सरासरी चाल लाँचच्या दुपटीहून अधिक असते, पण मांडव्याच्या दिशेने तिचा सरासरी वेग ताशी पाच किलोमीटरही भरत नाही. भरभर चालणारा माणूस एवढेच अंतर कापतो. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे लाँच बंद असते हे खरे, पण त्यामुळे गणित बदलत नाही. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, तेव्हाही नेमके हेच घडले. त्यावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, म्हणजे इतर द्रुतगती मार्गांपेक्षा निराळे काही नाही. वेळ वाचला तो वळसा गेल्यामुळे: रस्त्याची लांबी विस्थापनाच्या जवळ आली. घाटातल्या रेल्वेचीही गोष्ट तीच. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरांचे अंतर सुमारे सव्वातीन तासांत कापते, म्हणजे तिची सरासरी चाल ५९. पण दोन्ही स्थानकांमधले सरळ अंतर सुमारे ११९ किलोमीटरच आहे, म्हणून पुण्याच्या दिशेने तिचा सरासरी वेग ३७ च्या आतच राहतो. सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी ती पुण्याला परतली की तिचे दिवसभराचे विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. हा शून्य ऐकायला विचित्र वाटतो, पण ती धावली नाही असे तो सांगत नाही. निघाली तिथेच ती परत आली, एवढेच सांगतो. गाडीने किती डिझेल किंवा वीज खाल्ली हे विचारायचे असेल तर अंतर आणि चाल घ्यावी. पूल, बोगदा किंवा जलमार्ग कुठे हवा हे विचारायचे असेल तर विस्थापन आणि वेग घ्यावा.

तिसरी राशी, त्वरण, ही आपल्याला डोळ्यांनी कमी आणि अंगाने जास्त कळते. स्थिर चालीने सरळ जाणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसले तर ती चालली आहे की उभी, हे खडखडाट सोडला तर सांगता येत नाही. चाल किंवा दिशा बदलली, तरच अंग पुढे, मागे किंवा बाजूला झुकते. मुंबईच्या लोकल प्रवासात हे सर्वांत ठळकपणे दिसते. चर्चगेट ते बोरिवली अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे आणि धिम्या लोकलला मधे वीस थांबे आहेत, म्हणजे दोन स्थानकांत सरासरी १.६ किलोमीटर. ही गाडी तासाभराहून थोडा जास्त वेळ घेते, म्हणजे सरासरी चाल तिशीच्या आसपास. आता गाडीचे त्वरण असे धरू की सुटल्यावर तिची चाल दर सेकंदाला ताशी १.८ किलोमीटरने वाढते आणि ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला २.७ ने घटते. ८० ची चाल गाठायला ४४ सेकंद आणि तीवरून थांबायला ३० सेकंद. या काळात ती निम्म्याच सरासरीने चालत असल्यामुळे प्रत्येक थांब्यामागे ३७ सेकंद वाया जातात. फलाटावर उभे राहण्याची २५ सेकंदे त्यात मिळवली, की एका थांब्याची किंमत जवळपास एक मिनिट होते. वीस थांबे म्हणजे वीस मिनिटे. वाटेत सिग्नल मोकळा आहे असे गृहीत धरूनही हे होते.

मग ही गाडी लवकर पोहोचवायची कशी? कमाल चाल ८० वरून १०० केली तर काय होते ते पाहू. १०० गाठायला पाऊण किलोमीटरहून थोडे जास्त आणि तीवरून थांबायला अर्धा किलोमीटर लागतो, म्हणजे १.६ किलोमीटरच्या टप्प्यात शंभराने धावायला जेमतेम तीनशे मीटर उरतात. प्रत्येक टप्प्यामागे पाच सेकंद वाचतात. एकवीस टप्प्यांचे मिळून दोन मिनिटेही होत नाहीत. कमाल चाल ८० च ठेवून त्वरण दुप्पट केले, तर प्रत्येक टप्प्यामागे अकरा सेकंद, म्हणजे एकूण जवळपास चार मिनिटे वाचतात. आणि दारे, फलाटाची उंची, जिने, गर्दीची व्यवस्था सुधारून गाडी प्रत्येक स्थानकावर पाच सेकंद कमी थांबली, तर चाल वीसने वाढवण्याइतकाच फायदा एकही नवे इंजिन न घेता पदरात पडतो. त्वरण वाढवायलाही मर्यादा आहे, हा आक्षेप बरोबर आहे. गाडीत माणसे उभी असतात, दारात लटकलेली असतात, आणि झटका वाढला तर ती पडतील. पण हा आक्षेप मूळ मुद्द्याला बळच देतो: कमाल चालीचा विचार करण्याआधी दारे, फलाट आणि थांब्याची वेळ यांचा विचार करावा लागतो.

लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही हे लागू पडते का, असा प्रश्न इथे यावा. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरांचा बुलेट ट्रेनचा मार्ग ताशी ३२० च्या कमाल चालीसाठी आखलेला आहे. जाहीर झालेल्या आराखड्यानुसार मोजक्या स्थानकांवर थांबणारी गाडी सुमारे दोन तास घेईल आणि सगळ्या बारा स्थानकांची गाडी सुमारे तीन तास. रूळ तेच, गाडी तीच, कमाल चालही तीच. पण एकीची सरासरी २५० च्या आसपास आणि दुसरीची १७० च्या. हा सगळा फरक थांब्यांनी आणि त्यांच्या मागेपुढे चाल कमीजास्त करण्याने पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत सुमारे ४५५ किलोमीटर अंतर साडेसहा तासांत कापते, म्हणजे सरासरी ७० च्या आसपास. गाडीची रचना १८० साठी केलेली असली तरी बोरघाटाचा ३७ ला १ असा चढ, वळणे आणि मार्गावरची इतर गाड्यांची दाटी तिच्या कमाल चालीला विचारत नाहीत. उद्घाटनाच्या बातमीत मोठा आकडा कमाल चालीचा छापला जातो. प्रवाशाच्या उपयोगाचा आकडा वेळापत्रकात असतो: अंतर भागिले वेळ.

आता धोक्याची बाजू. वळणावर काटा स्थिर असला तरी दिशा बदलत असते, म्हणून त्वरण असतेच, आणि ते चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ३० ने वळणाऱ्या गाडीचे बाजूचे त्वरण दर सेकंदाला ताशी सुमारे ८ किलोमीटर इतके असते. चाल दुप्पट, म्हणजे ६० केली, की ते चौपट होऊन ३३ वर जाते. वरून सोडलेल्या दगडाची चाल दर सेकंदाला ३५ ने वाढते, म्हणजे हा आकडा जवळपास गुरुत्वाकर्षणाइतका झाला. कोरड्या डांबरावर चांगला टायर साधारण २५ पर्यंत तग धरतो, ओल्या रस्त्यावर त्याहून बराच कमी. याचा अर्थ ६० ला ती गाडी त्या वळणावर राहूच शकत नाही. ती सरळ कठड्याकडे जाते. चालकाचे कसब, गाडीची किंमत, रस्त्याची ओळख यांतले काहीच या हिशेबात येत नाही.

थांबण्याचेही असेच आहे. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरू, आणि ब्रेक लागल्यावर चाल दर सेकंदाला २५ ने घटते असे मानू; कोरड्या रस्त्यावर हे चांगले ब्रेकिंग म्हणावे लागेल. १०० ने जाणारी गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच ४२ मीटर पुढे जाते आणि त्यानंतर ५५ मीटरमध्ये थांबते, एकूण ९७ मीटर. तिच्या शेजारच्या मार्गिकेतून १२० ने जाणाऱ्या गाडीच्या चालकाने तोच अडथळा त्याच क्षणी पाहिला. त्याचे पहिले ५० मीटर विचारातच गेले. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली त्या जागी ही दुसरी गाडी अजून ताशी ७७ किलोमीटरने चाललेली असते. वीसचा फरक धडकेच्या जागी सत्याहत्तरचा होतो. वर ज्या आठ मिनिटांचा हिशेब मांडला, त्यांची ही किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रस्त्यावरची सरासरी चाल एक टक्क्याने वाढली की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण अतिवेग असे आहे.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप लांब आणि मोकळ्या रस्त्यांचा आहे. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. सगळा रस्ता १०० ने कापला तर सात तास लागतात आणि १२० ने कापला तर पाच तास पन्नास मिनिटे. सत्तर मिनिटे वाचतात, आणि ती खोटी नाहीत. जिथे संथ टप्पेच उरलेले नाहीत, तिथे कमाल चालीला महत्त्व येते, हे मान्य केले पाहिजे. पण हा रस्ता वेळ कशाने वाचवतो ते पाहावे. मुंबई-नागपूर प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर येईल असे सरकारने सांगितले, म्हणजे आठ तासांची बचत. यातला मोठा भाग गावे, चौक, फाटके, सिग्नल आणि समोरून येणारी वाहतूक टळल्यामुळे मिळतो. शंभर आणि एकशेवीस यांतल्या फरकाचा वाटा त्या सत्तर मिनिटांपुरताच. आणि सातशे किलोमीटर आठ तासांत म्हटले तरी सरासरी ८८ च्या आतच राहते. सत्तर मिनिटांसाठी १२० ने जायचे, तर टायर, झोप आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर यांचा हिशेबही १२० चाच ठेवावा लागतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: शहरातली कोंडी सोडवणे एकट्या चालकाच्या हातात नाही, त्याच्या हातात फक्त ॲक्सिलरेटर आहे. हे अर्धेच खरे आहे. केव्हा निघायचे हे त्याच्या हातात आहे. गर्दीची वेळ टाळून निघाले तर शहरातली २५ ची चाल ३० होणे अवघड नाही, आणि त्याची कमाई बावीस मिनिटांची आहे हे आपण पाहिले. रेल्वेने जावे की रस्त्याने, वळशाने जावे की लाँचने, हेही त्याच्या हातात आहे. आणि मतदार, प्रवासी, करदाता म्हणून काय मागायचे हेही त्याच्याच हातात आहे. जास्त कमाल चालीची गाडी मागण्याआधी सिग्नलची सुधारलेली वेळ, रिकामी बसमार्गिका, रुंद जिने, झटपट उघडणारी दारे, खाडीवरचा पूल आणि पावसाळ्यातही टिकणारी जलवाहतूक मागितली, तर त्यात प्रवाशाचा वेळ आणि जीव दोन्ही वाचतात.

पुढच्या प्रवासात एवढेच करून पाहावे. निघताना घड्याळ आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा, पोहोचल्यावर पुन्हा टिपावा आणि भागाकार करावा. तो आकडा काट्यावर पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या शेजारी लिहावा. दोहोंतली तफावत कुठे गेली हे शोधले की लक्षात येईल, ती चौकात, नाक्यावर आणि कोंडीत गेलेली असते. तिथे गेलेला वेळ मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून परत मिळत नाही. म्हणून उशीर होत असेल तर दहा मिनिटे लवकर निघा, आणि वाटेत मर्यादेच्या आत राहा.